सागाचें कुळ आणि सागाचें बीं

"खाण तशी माती" ही म्हण आपण माणसांविषयीं बोलतांना नेहमी वापरतों. शेतकरी ती आपल्या बैलाविषयीं बोलतांनाही वापरतो; आणि बियाण्यासाठीं जोंधळ्याचीं टपोरीं कणसें वेगळीं काढून ठेवतांना तर तो ती न बोलतां आचरणांत आणतो. परंतु रानांतील झाडांनाही हीच म्हण लागू पडते, हा विचार फार थोड्यांच्या मनांत येतो. झाड आपोआप उगवतें, पावसानें वाढतें, त्याला कुळ कसलें आणि शील कसलें, असा बहुतेकांचा समज असतो. हा समज किती महागांत पडतो आणि तो दूर करण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं काय खटपट केली आहे, हें सागाच्या उदाहरणावरून विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडील कोणत्याही जुन्या शाळेच्या इमारतींत पाऊल टाकल्यास दारें, खिडक्या, जिने आणि बांक हीं सर्व बहुधा सागाचीं आढळतील. सागाच्या लांकडांत एक प्रकारचा तेलकट अंश असतो. त्यामुळें त्याला वाळवी सहसा लागत नाहीं, तें ओलाव्यानें लवकर कुजत नाहीं, आणि उन्हापावसांत फारसें वांकत किंवा तडकत नाहीं. म्हणूनच जहाजें बांधणाऱ्यांना हें लांकूड सोन्याहून प्रिय होतें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील पारशी कारागिरांनीं बांधलेलीं सागाचीं जहाजें जगभर फिरलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं मुंबईस पाण्यांत उतरविलेली 'त्रिंकोमाली' नांवाची युद्धनौका इंग्लंडांतील हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे. दोनशें वर्षें उलटून गेलीं, तरी तिचें सागवान टिकून आहे!

या जहाजांना लागणारा साग मुख्यतः मलबारच्या रानांतून येई. तोडणारे हात पुष्कळ, आणि लावणारा मात्र कोणी नाहीं, अशी स्थिति झाल्यावर रानें ओस पडूं लागलीं. तेव्हां मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनीं १८४० नंतरच्या दशकांत निलंबूर येथें चालियार नदीच्या कांठीं साग मुद्दाम लावण्याचें काम आरंभिलें. आरंभीं बियाच रुजत ना. पुढें चातु मेनन या हिंदी अधिकाऱ्याच्या चिकाटीला यश आलें आणि सुमारें वीस वर्षांत त्यांच्या देखरेखीखालीं दहा लाखांहून अधिक सागवृक्ष उभे राहिले. १८४६ सालचा एक तुकडा अद्याप तेथें राखून ठेवला असून जगांतील अत्यंत जुन्या सागलागवडींत त्याची गणना होते. बीं रुजावें कसें, हाच त्या काळचा मोठा प्रश्न होता. तें कोणत्या झाडाचें घ्यावें, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांसाठीं राहिला.

आतां हा दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे तें पाहूं. शेतकरी पिकांतील उत्तम कणीस बियाण्यासाठीं ठेवतो आणि बाकीचें खातो. लांकूडतोड्या याच्या नेमकें उलट करतो. तो रानांत शिरला म्हणजे सरळ, उंच आणि जाड सोटाचें झाड प्रथम पाडतो; वांकडें, गांठाळ, किडकें झाड कोणाच्या उपयोगाचें नाहीं म्हणून तसेंच उभें राहतें. पुढील पावसाळ्यांत फुलतें फळतें कोण? तें वांकडें झाड. पुढच्या पिढीचा बाप होतो कोण? तेंच वांकडें झाड. असें शेंदीडशें वर्षें चाललें, म्हणजे त्या रानाचें कुळ हळूहळू खालावत जातें. झाडांची संख्या पूर्वीइतकीच दिसेल, पण गुण दिसणार नाहीं.

बीं गोळा करण्याच्या पद्धतीनें या हानींत आणखी भर पडते. बीं गोळा करणाऱ्यास मजुरी बहुधा वजनावर मिळते. तेव्हां तो बिचारा ज्या झाडावर चढणें सोपें आणि ज्याला फळ भरपूर, तेंच झाड शोधणार. येथें सागाचा एक विचित्र स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. सागाचा फुलोरा शेंड्याला येतो. ज्या डोळ्यांतून फुलोरा निघाला, त्या डोळ्याची सरळ वाढ तेथेंच संपते. मग त्याच्या दोहों बाजूंचे डोळे फुटतात आणि खोडाला बेचकें पडतें. म्हणून जें झाड लहान वयांत फुलूं लागतें, त्याचा सोट आंखूड राहतो, फांद्या पसरतात आणि फळें पुष्कळ लागतात. जें उशिरां फुलतें, त्याचा सोट लांब आणि सरळ वाढतो, पण त्याचीं फळें थोडीं आणि तींही उंचावर. फुलण्याचें वय हा गुण सागांत बराचसा वंशपरंपरेनें येतो, असें अनुभवास आलें आहे. म्हणजे पोतें लवकर भरावें म्हणून जो बीं गोळा करतो, तो नकळत बेचक्याच्या झाडांचेंच बीं गोळा करीत असतो!

यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "झाडाचा वांकडेपणा त्याच्या कुळाचा कीं त्याच्या जमिनीचा, हें कसें समजावें? खडकाळ जागीं उगवलेलें उत्तम कुळाचें झाडही खुजें राहणारच." हा प्रश्न अगदीं योग्य आहे, आणि वृक्षसुधारणेचें सर्व शास्त्र याच प्रश्नाभोंवतीं उभें आहे.

वंशपरंपरेचे नियम प्रथम स्पष्ट केले ते ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनें. ब्रनो शहरांतील मठाच्या बागेंत त्यानें वाटाण्याच्या वेलांवर कित्येक वर्षें प्रयोग केले. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा त्यानें संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सर्व दाणे गोल आले. पण त्यांच्या पुढच्या पिढींत ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. सुरकुतलेला गुण पहिल्या पिढींत नष्ट झाला नव्हता. तो केवळ लपला होता. प्रत्येक गुणाचा एक अंश बापाकडून आणि एक आईकडून येतो, आणि हे अंश एकमेकांत विरघळून न जातां पुढें चालत राहतात, हें त्यानें दाखविलें. या अंशांसच आज आपण जनुक म्हणतों. मेंडेलनें हें १८६५ सालीं वाचून दाखविलें व १८६६ सालीं छापलें. परंतु १९०० सालापर्यंत जगानें त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

वाटाण्याचा दाणा गोल कीं सुरकुतलेला, हें जनुकांच्या एकाच जोडीवर ठरतें. सागाची उंची, जाडी किंवा सरळपणा मात्र पुष्कळ जनुकांच्या एकत्र कामानें ठरतो, आणि त्यांत माती, पाणी व ऊन यांचाही वाटा असतो. डेन्मार्कांतील योहान्सेन या शास्त्रज्ञानें १९०३ सालीं घेवड्याच्या दाण्यांवरून ही गोष्ट फार सुंदर रीतीनें दाखविली. एकाच शुद्ध कुळांतील दाण्यांत कांहीं मोठे तर कांहीं लहान असत. त्यानें मोठे वेगळे पेरले, लहान वेगळे पेरले. पण दोहोंच्या पिकांतील दाण्यांचें सरासरी वजन सारखेंच भरलें. कारण त्यांच्यांतील भेद जमिनीनें घडविलेला होता, कुळानें नव्हे. भिन्न कुळांचे दाणे घेतले असतां मात्र निवडीचा परिणाम दिसून आला. यावरून धडा असा कीं, डोळ्यांना जें दिसतें तें सगळेंच वंशांत उतरत नाहीं.

मग कुळाचा वाटा किती आणि जमिनीचा किती, हें ओळखावयाचें कसें? उपाय सोपा आहे, पण वेळखाऊ आहे. निरनिराळ्या कुळांचीं रोपें एकाच जमिनींत, एकाच दिवशीं, सारख्याच अंतरावर लावावयाचीं आणि वाट पाहावयाची. फ्रान्समध्यें व्हिल्मोरें यानें १८२० नंतरच्या काळांत युरोपांतील निरनिराळ्या प्रांतांतून एकाच जातीच्या पाइन वृक्षाचें बीं आणून आपल्या जमिनींत शेजारीं शेजारीं लावलें. जमीन एकच असूनही रीगा बंदराकडील बियांचीं झाडें सरळ वाढलीं, दुसरीं कित्येक वांकडीं झालीं. आपल्याकडे १९३० च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतील सागाचें बीं आणून असेच तुलनेचे तुकडे लावण्यांत आले; आणि १९३३ सालीं डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील चॅम्पियन यांनीं बियांचें मूळस्थान किती महत्त्वाचें आहे, यावर एक स्वतंत्र ग्रंथिकाच लिहिली. पुढें १९६५ सालीं सयाम म्हणजे आजच्या थायलंडांत डॅनिश लोकांच्या साह्यानें सागसुधारणेचें एक केंद्र निघालें, आणि १९७० नंतरच्या दशकांत भारत, थायलंड, लाओस इत्यादि ठिकाणचा साग अनेक देशांत शेजारीं शेजारीं लावून पाहण्यांत आला.

मूळस्थान ठरल्यावर दुसरी पायरी म्हणजे वृक्षांची निवड. हजारों झाडें पाहून, ज्याचा सोट सरळ, फांद्या बारीक, प्रकृति निरोगी आणि जें शेजारच्या समवयस्क झाडांहून उंच व जाड, असें एखादेंच झाड निवडावयाचें. शेजाऱ्यांशीं तुलना कां? तर जमीन सर्वांची एकच असल्यामुळें जास्तीच्या वाढींत कुळाचा वाटा असण्याचा संभव अधिक.

असा वृक्ष सांपडला, तरी त्याचें नुसतें बीं आणून भागत नाहीं. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल असें नाहीं, हें कोंकणांतील लहान मूलही जाणतें. कारण कोयींत आईचा अर्धा वांटा असतो, पण उरलेला अर्धा कोणत्या रायवळ आंब्याच्या मोहोराचा, हें कोण सांगणार? सागाचें तेंच आहे. म्हणून निवडलेल्या वृक्षाचे डोळे काढून ते दुसऱ्या रोपांवर बांधतात आणि अशा वीसपंचवीस किंवा अधिक निवडक वृक्षांचीं कलमें एका ठिकाणीं मिसळून लावतात. जवळपास दुसरा साग नसावा, अशी काळजी घेतात. यास बीजोद्यान म्हणतात. तेथें आईही निवडक आणि बापही निवडक. भारतांत असलीं बीजोद्यानें १९६० नंतर उभीं राहूं लागलीं.

यापासून लाभ किती, तें एका कल्पित हिशेबानें पाहूं. समजा, एका रानांतील सागांची सरासरी उंची २० मीटर आहे, आणि निवडलेल्या वृक्षांची २६ मीटर. भेद ६ मीटरांचा. या भेदाचा समजा चवथा हिस्सा वंशांत उतरणारा आहे. तर बीजोद्यानांतील संततीची सरासरी उंची ६ च्या चवथाईनें, म्हणजे दीड मीटरनें वाढून २१.५ मीटर होईल. पण केवळ आई निवडक असेल आणि पराग रानांतील कोणत्याही झाडाचा असेल, तर लाभ निम्मा, म्हणजे पाऊण मीटरच. सगळा भेद हातीं येत नाहीं, हें पाहून निराश होऊं नये. दर पिढीस थोडें थोडें, पण तें कायमचें. तो 'चवथा हिस्सा' खरा किती, हें मात्र कागदावर ठरत नाहीं. प्रत्येक निवडक वृक्षाचीं पोरें शेजारीं शेजारीं लावून, मोजून ठरवावें लागतें. आणि ज्याचीं पोरें कमी प्रतीचीं निघतील, तो वृक्ष स्वतः कितीही देखणा असला तरी त्यास बीजोद्यानांतून काढून टाकावें लागतें. मुलांवरून बापाची परीक्षा!

साग या कामीं फारसा सहकार करीत नाहीं. पावसाळ्यांत त्याच्या एकेका तुऱ्यावर हजारों लहान पांढरीं फुलें येतात, पण प्रत्येक फूल एकच दिवस टिकतें. त्या एका दिवसांत मधमाशी किंवा दुसरा एखादा कीटक परक्या झाडाचा पराग घेऊन आला तर ठीक. स्वतःच्याच परागानें फळ धरणें सागाला बहुधा मानवत नाहीं. परिणामीं शंभर फुलांत एकदोनच फळाला येतात. फळाचें कवच कठीण, आंत चार कप्पे, आणि त्यांतील कित्येक रिकामे. पुन्हां रुजण्यासाठीं तें अनेकदां भिजवावें आणि वाळवावें लागतें. शिवाय दूरदूरच्या प्रांतांतून आणलेलीं कलमें एकाच वेळीं फुलत नाहींत; एकाचा फुलोरा ओसरला कीं दुसऱ्याचा आरंभ. म्हणून सागाच्या बीजोद्यानांतून अपेक्षेइतकें बीं मिळत नाहीं, ही तक्रार अनेक देशांत ऐकूं येते.

तेव्हां बियांचा मार्गच सोडून, उत्तम झाडाच्या हुबेहूब प्रति काढाव्या, असें कांहींच्या मनांत आलें. ब्राझील देशांत निलगिरीच्या लागवडीवर १९७० नंतरच्या दशकांत खोड पोखरणारा एक बुरशीचा रोग पडला. जीं थोडीं झाडें त्यांतून धडधाकट राहिलीं, त्यांच्या छाटांपासून तेथील वनशास्त्रज्ञांनीं लक्षावधि रोपें तयार केलीं आणि ओसाड होऊं घातलेली लागवड पुन्हां उभी केली. साग मात्र वय झाल्यावर छाटानें सहजासहजीं मुळें धरीत नाहीं. येथें आपल्या पुणें शहराचा अभिमानानें उल्लेख केला पाहिजे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं सागाच्या कोवळ्या डोळ्यांचे सूक्ष्म तुकडे कांचेच्या नळींत पोषकद्रव्यांवर वाढवून त्यांपासून पूर्ण रोपें तयार केलीं आणि ती रीत १९८० सालीं प्रसिद्ध केली. आज बाजारांत ऊतिसंवर्धित साग म्हणून जो मिळतो, तो याच प्रकारचा.

परंतु या युक्तींत एक धोकाही आहे. मैलचे मैल एकाच झाडाच्या प्रति लावल्या आणि त्या झाडाला न पेलणारी एखादी कीड आली, तर ती एका झाडाला लागली काय आणि सगळ्यांना लागली काय, सारखेंच. सागाचीं पानें फस्त करणाऱ्या आणि त्यांची चाळण करून टाकणाऱ्या अळ्या आपल्या रानांत दरवर्षीं दिसतात. म्हणून शहाणा वनाधिकारी एकाच प्रतीवर विसंबत नाहीं. अनेक कुळें मिसळून लावतो. आणि हीं अनेक कुळें येणार कोठून? जुन्या नैसर्गिक रानांतूनच. २०१८ सालीं कोइमतूर येथील शास्त्रज्ञांनीं सागाच्या संपूर्ण जनुकसंचाचा कच्चा आराखडा प्रसिद्ध केला. पण पुस्तक वाचतां येणें आणि नवें पुस्तक लिहितां येणें यांत अंतर आहे. जो गुण रानांतून नाहींसा झाला, तो प्रयोगशाळेंत मागून मिळत नाहीं. मलबार, चांदा, उत्तर कानडा येथील जुने सागवृक्ष हे केवळ लांकडाचे साठे नसून बियाण्याचीं कोठारें आहेत. कोठारांतील बियाणें दळून खाणाऱ्या शेतकऱ्यास आपण काय म्हणूं?

शेवटीं वडील मंडळींस दोन शब्द. आज पुष्कळ शेतकरी बांधावर किंवा पडीक जमिनींत साग लावतात; मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण यांची आशा त्या रोपांवर असते. १९९० नंतरच्या दशकांत साग लावून थोड्याच वर्षांत पैसा अनेक पटींनीं वाढवून देण्याचीं आश्वासनें कित्येक कंपन्यांनीं दिलीं आणि पुष्कळ कुटुंबांची पुंजी त्यांत बुडाली. झाडाला आपल्या घाईची कल्पना नसते. सरकारी रानांत साग पक्व होण्यास साठ ते ऐंशीं वर्षें धरतात. दहापंधरा वर्षांच्या सागांत पक्कें लांकूड थोडें आणि पांढरें, कच्चें लांकूड अधिक. म्हणून रोप घेतांना तें स्वस्त किती, हें विचारण्याआधीं हें बीं कोणत्या रानाचें, कोणत्या बीजोद्यानाचें, त्याचीं पोसलेलीं झाडें कोठें पाहावयास मिळतील, असें विचारावें. ज्यास उत्तर देतां येत नाहीं, त्याचें रोप फुकट मिळालें तरी तें महागच. गव्हाचें बियाणें खोटें निघालें, तर एक हंगाम बुडतो आणि पुढच्या वर्षीं चूक सुधारतां येते. सागाचें बियाणें खोटें निघालें, तर तें कळेपर्यंत लावणाऱ्याचे केस पांढरे होतात.

विद्यार्थिमित्रहो, चातु मेनन यांनीं लावलेले साग पूर्ण वाढलेले पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. तीच गोष्ट आज बीजोद्यानांत डोळे बांधणाऱ्या माणसाची आहे. त्याचें फळ पाहणारे डोळे त्याच्या नातवांचे असतील. आपल्यापैकीं कोणी पुढेंमागें वनखात्यांत जाईल, कोणी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करील, कोणी आपल्या शेताच्या बांधावर चार रोपें लावील. त्या वेळीं एवढें ध्यानांत असावें कीं, झाड लावणें हें निम्मेंच पुण्य आहे. कोणतें झाड आणि कोणाचें बीं, याचा विचार करून लावणें हें उरलेलें निम्में.